एकाच सरीत गेलेली पुस्तिका

१९९८ च्या उन्हाळ्यात, कुपवाडच्या आमच्या कार्यालयात, एका सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिकेची सगळी प्रकरणे एकाच इशाऱ्याच्या चौकटीत छापली गेली. सहाच्या एसटीने ती साताऱ्याला गेली नाही तर काम हातचे जाणार होते. चूक शोधायला, प्रत्येक भाग सुरू झाल्याच्या आणि संपल्याच्या मजकुरातल्या खुणा वाचून प्रोग्रॅमने केलेली मांडणी मी छापली. एका भागाच्या आतला प्रत्येक भाग त्यात उजवीकडे सरकलेला असे. शाईचा वास येणारे ते कागद आमच्या वॉचमननी फरशीवर पसरले. सकाळी ते उसाला पाणी पाजून यायचे. एका ओळीवर नख ओढून ते म्हणाले, "आवं सायेब, हितनं म्होरं समदं पाणी एकाच सरीत! दारं मोडायचं सोडून झोपला व्हता व्हय?" एक सरी भरली की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या सरीत वळवायचे, ते दारं मोडणे. त्या ओळीनंतर इशारा संपल्याची खूण नव्हती. मी ती घालून पुस्तिका पुन्हा छापली. ती सहाच्या गाडीने गेली. तो कागद काल कपाटात सापडला. नखाचा ओरखडा अजून दिसतो.