खाल्लेल्या हूमचा आवाज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं.

चारठाण्याच्या अलीकडं आमचं गाव, गावामागं कुसळी गवताचा माळ. त्या माळावर माळढोक असायचे, माणसाच्या कमरेइतके उंच. नर घुमायला लागला की आवाज लांबवर जायचा — हूऽऽम. म्हणून आमच्याकडं त्याचं नावच हूम. दुष्काळ सरला तेव्हा एकच जोडी उरली होती. मी गावचा मास्तर, मला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? तरी मेव्हणे आले तेव्हा फासा लावून मी नर धरला. कशासाठी? पाहुण्यांना हूमचं कालवण खाऊ घातलं, एवढी बढाई मारायला.

पुढं वनखात्याचे साहेब आले. इथं नर उरला नसेल तर सोलापूरकडून एक आणून सोडू, म्हणाले. मादीला जोडीदार मिळेल, वंश चालेल. पण मग इथला नर गेला कुठं, हेही ते विचारणारच. शिकारबंदीचा कायदा नवा होता. माझी पाचावर धारण बसली. आहे की साहेब, दिवस बुडताना घुमतो — असं बोलून गेलो.

लहानपणी गुरं राखताना आम्ही गाडग्यात तोंड घालून हूमचा आवाज काढायचो. तसंच गाडगं घेऊन बाभळीआड बसलो. आवाज काढला आणि माझ्याच अंगावर काटा आला. तो आवाज माझा वाटेना. साहेबांनी लांबून ऐकला, मान डोलावली. त्यांचा नर दुसऱ्या माळावर गेला.

घरी आलो तर बायको चुलीपुढं थिजून बसलेली. "अवं, ऐकलं का? आपुन खाल्लेला हूम वरडायलाय," म्हणाली. "आवाज त्योच हाय." मी हातपाय धुतले आणि जेवायला बसलो.

साहेब गेल्यावर तरी थांबायचं ना? पण त्या संध्याकाळी गवतातून मादी चालत आली होती. बाभळीपाशी, माझ्यापासून हातभर. उभी राहून वाट बघत होती. दुसऱ्या दिवशी मी घुमलो नाही, तरी आली. मग मी रोज जायला लागलो, रोज घुमायला लागलो. दया म्हणायचो मी त्याला — मनातल्या मनात.

पावसाच्या तोंडावर तिनं अंडं घातलं. नराशिवायचं अंडं. त्यातून काय निघणार होतं? ती बसून राहिली. उन्हात, पावसात. पिलू निघायचे दिवस उलटले, तरी बसलेलीच. अजूनही साहेबांना खरं कळवता आलं असतं. पोस्ट शाळेच्या शेजारीच होतं. नाही कळवलं.

एका सकाळी गेलो तर ती अंड्यावरच मरून पडलेली. पंख पसरलेले. मी तिला बाजूला सारलं, अंडं हातात घेतलं — त्याला अजून ऊब होती. ते होतं तिथं ठेवलं आणि शाळेला गेलो.