चिनी मातीचा पैलवान

कामिल मुजावर माणूस सोन्यासारखा हाय, पण त्याच्या हातात माऊस आला की माझं डोकं फिरतं. शाहूपुरीत त्याचं दुकान आणि माझं दुकान एकाला एक लागून. तो कॉम्प्युटरवर फोटो नीट करतो, मी त्या फोटोला फ्रेम करतो. तीस वर्षं फ्रेमा ठोकतोय, लोकांच्या आज्या, पणज्या, गुरू, देव सगळं काचेखाली घातलंय. मला चेहरा कळतो. कामिलला फक्त डाग कळतो. कुणाच्या गालावर तीळ दिसला की ह्याचे हात शिवशिवाय लागलेच म्हणून समजा.

चार वर्षांपूर्वी मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ बघून हा एक इफेक्ट शिकला. आधी कातडी घासून घासून गुळगुळीत करायची, मग तिच्यात निळसर पांढरा उजेड भरायचा, आणि शेवटी नाकाच्या शेंड्यावर अन् गालावर चमक टाकायची. माणूस पोर्सेलिनचा दिसतो म्हणे. आमच्या लोकांनी त्याचं चिनी माती करून टाकलं. कामिलभाई, वाढदिवसाचा डिजिटल बोर्ड लावायचाय, चिनी मातीत करा. झालं की मग! चौकाचौकात बोर्ड आणि बोर्डावर ओळीनं लोणच्याच्या बरण्या. मुरगूडच्या एका ऊसवाल्याला ह्यानं इतका उजळला की त्याच्या सख्ख्या चुलतभावानं बोर्डाखाली उभं राहून विचारलं, हे पावणं कुठलं? क्रांती नावाच्या पोरीचा फोटो परीक्षेच्या हॉल तिकिटावर गेला, तर सरांनी तिला दारातच अडवली. ती घरी जाऊन पावडर थापून आली, तवा आत सोडली. दिवाळीच्या पाडव्याला म्हशी मिरवतात, त्यासाठी एका गवळ्यानं म्हशीचा फोटो आणलता. ह्यानं म्हैस पण चिनी मातीत काढली. मी म्हटलं, लेका, म्हशीला तरी सोड. तर म्हणतो, मामा, मानेला लई सुरकुत्या होत्या तिच्या.

तर ह्या माणसाकडं मागच्या बुधवारी कोडोलीच्या शालूबाई आल्या. सत्तरीच्या, नऊवारी नेसलेल्या, आवाज असा की रस्त्यापलीकडच्या माणसानं मागं वळून बघावं. त्यांचे मालक आकाराम पाटील, एके काळचे पैलवान, गेल्या वर्षी वारले. रविवारी वर्षश्राद्ध, आणि त्याच दिवशी गावच्या तालमीत जुन्या पैलवानांच्या रांगेत त्यांचा फोटो लावायचा ठरलेला. उभ्या जन्मात माणसानं फोटो काढला एकच. तोही ओलीनं काचेला चिकटलेला, जागोजागी फुगलेला, कोपऱ्यात बुरशी. बाईंनी स्पष्ट सांगितलं, बुरशी काढा, माणूस हाय तसा राहू दे.

कामिलनं काचेसकट स्कॅन करून घेतला. मग मी काचेवरनं फोटो सोडवायला बसलो. शंभरदा केलेलं काम. पण ह्या वेळी कागद तेवढा माझ्या हातात आला आणि पैलवानांचं तोंड काचेवरच राहिलं. सोडवायला गेलो तर तेही पुसलं. मला घाम फुटला. पण स्कॅन हाय की, म्हणून मी कुणाजवळ बोललो न्हाय. तिकडं कामिलनं त्याच स्कॅनवर चिनी माती चालवली आणि त्याच नावानं सेव्ह केली. म्हणजे कागद मी खाल्ला आणि फाईल त्यानं. शुक्रवारी दोघं निवांत चहा पीत बसलोतो, तवा बाई फोटो न्यायला आल्या.

फोटो हातात घेऊन त्यांनी तो दारातल्या उजेडाला धरला. मग म्हणाल्या, हा फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी दिलाय तुम्ही. कामिल समजावाय लागला, उजेड केलाय म्हणून तसं वाटतं, मिशी बघा, सदरा बघा.

"मिशी कुणालाबी असती," शालूबाई म्हणाल्या. "ह्यांचं कान कुठं गेलं?"

मी फोटोत डोकावलो आणि कपाळावर हात मारला. कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक हाय की पैलवानाचा कान मोडलेला असतो. लढतीत घासून घासून रक्त साकळतं, कान फुगतो, घट्ट होतो आणि मरेपर्यंत तसाच राहतो. पदकं पेटीत पडून असतात, कान सगळ्या गावाला दिसतो. आणि ह्या शहाण्यानं दोन्ही कान बँकेतल्या साहेबासारखे सपाट, गुळगुळीत करून ठेवलेते. का, तर म्हणे फोटो सगळीकडनंच ओलीनं फुगलाता, तसे कानबी फुगले असतील असं वाटलं.

बाई आता दुकान डोक्यावर घेणार म्हणून मी तयार होतो. त्या खुर्चीवर बसल्या आणि हळू आवाजात सांगाय लागल्या. लग्नात मान खाली होती, नवऱ्याचं तोंड बघायला मिळालंच न्हाय. वरातीच्या बैलगाडीत ते पुढं, ह्या मागं. कोडोली येईस्तोवर दिसले ते फक्त दोन कान. आपला माणूस म्हणून पहिली वळख झाली ती त्या कानांची. मग म्हणाल्या, माझा जुना फोटो द्या, बुरशीसकट लावते.

कामिलचं तोंड उतरलं. माझ्या दुकानातली ती पुसलेली काच त्यानं सकाळीच बघितलती. तरी माझं नाव घेतलं न्हाय. चूक सगळी माझी हाय आजी, माझ्याकडनंच तो फोटो गेला, असं सांगून खाली बघत उभा राहिला. मला लई लाज वाटली. चार वर्षं ह्या माणसाला मी येताजाता टोमणे मारतोय, आणि आता त्याच्याच आड लपून बसू? मी सांगून टाकलं की कागदाचं वाटोळं माझ्या हातनं झालंय.

शालूबाईंनी आळीपाळीनं दोघांकडं बघितलं.

"दोघांनी मिळून माझा माणूस पुसलासा," त्या म्हणाल्या.

मग त्याच पदर खोचून उठल्या. शहरात तालमी काय कमी हायत का, म्हणाल्या, चला तसलं कान हुडकायला.

जवळच्या तालमीत संध्याकाळची मेहनत चाललेली. बाई दारातच थांबल्या. मी बाईमाणूस आत येणार न्हाय, आखाड्याच्या मातीचा मान असतो, पोरास्नी भाईर धाडा म्हणाल्या. तालमीचे म्हातारे वस्ताद चक्रावले, पण त्या आवाजापुढं त्यांचंही चाललं न्हाय. एकेक पैलवान लाल मातीनं माखलेला बाहेर यायचा, पाया पडायला वाकायचा, आणि वाकला की बाई त्याचा कान धरायच्या. मंडईत वांगी निवडावीत तसं चाललेलं. हा कच्चा हाय. हा लई फुगलाय. तुझा तर अजून मोडलाच न्हाय, नुसतं दूध पितोस व्हय रं? सव्वाशे किलोचा गडी मान खाली घालून ऐकून घेत होता. बारा-पंधरा जण झाल्यावर सम्राट नावाच्या पैलवानाच्या उजव्या कानावर त्यांचं बोट थांबलं. कामिलनं पटकन फोटो घेतला. डावा मात्र काही केल्या मिळंना. शेवटी वस्तादांनी विचारलं, पैलवान कोण ते तरी सांगा. नाव ऐकलं आणि म्हातारा एकदम ताठ झाला. गमछा बाजूला करून त्यानं स्वतःचा डावा कान पुढं केला.

"हा त्यांनीच मोडलाय," वस्ताद म्हणाले. "घ्या."

बाईंनी तो कान नीट चाचपला. जरा बारीक हाय, पण चालंल म्हणाल्या.

शनिवारी सकाळी नऊलाच त्या कामिलच्या शेजारी येऊन बसल्या. कान बसले. मग कपाळावरची आठी, भुवईवरची खोक, डोळ्यांखालचं काळं, एकेक त्या बोटानं दाखवायच्या आणि कामिल काढायचा. जन्मभर डाग पुसलेल्या माणसाला डाग घालताना बघून मला हसू आवरंना. मधनंच तो म्हणायचा, एवढं नको आजी, चांगलं दिसत न्हाय. तर त्या म्हणायच्या, चांगलं दिसायला ते काय नवरदेव हायत? नाकावरची चमक पुसताना तर त्याचा जीव नुसता वरखाली होत होता. पण पुसली पठ्ठ्यानं. मी फ्रेम केली, आणि कागद काचेला टेकू नये म्हणून मधी पट्टी घातली. हे मी आधीच सगळ्या फ्रेमांना करायला पाहिजे होतं, पण अक्कल अशीच येती.

दुपारी फ्रेम त्यांच्यासमोर धरली. आकाराम पाटील आता जरा रागावल्यासारखे दिसत होते. कामिल माझ्याकडं बघतोय, मी कामिलकडं. बाई बघतच राहिल्या. मग त्यांचा हात आपसूक वर गेला आणि त्यांनी डोक्यावर पदर ओढून घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सांगायला लाज कसली?

त्यांनी फ्रेम उचलून काखेत धरली आणि आमच्याकडं न बघता खाली फोटोतल्या मालकांकडं बघून म्हणाल्या, "चला, कोडोलीची गाडी चुकंल."