धाकट्या जावेचं गिऱ्हाईक

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन विंझरला आमच्या घरात आली, तेव्हा मी नऊ वर्षं पडवीत मशीन टाकून शिलाई करत होते. ब्लाउज, शाळेचे गणवेश, फॉल-पिको. माझ्या हाताला सफाई आहे असं गावातल्या बायका म्हणायच्या आणि तेवढ्यावर माझं बरं चाललं होतं.

जाऊ भोरची. पुण्यात राहून घरं सजवायचा वर्षभराचा कोर्स केलेली. सासूबाईंना तो कोर्स काही केल्या कळेना. “घर सजवायला शिकाया लागतंय व्हय? दिवाळीला आमी न्हाई का सजवत?” असं त्या म्हणाल्या तेव्हा मला आतून गुदगुल्या झाल्या. पण चारच महिन्यांत तिला पानशेतजवळच्या एका बंगल्याचं काम मिळालं. पुण्याची माणसं, शनिवार-रविवारी यायची. तिनं तिथं भिंतींना वॉलपेपर लावले, दिव्यांच्या माळा सोडल्या, गॅलरीत प्लास्टिकची हिरवळ अंथरली. फोटो मोबाईलवर आले आणि त्याच सासूबाई तो मोबाईल घेऊन आळीभर हिंडून आल्या.

त्या बंगल्याचे पडदे मी शिवले होते. मालकीण बघायला आली तेव्हा जाऊ म्हणाली, “ह्या माझ्या मोठ्या जाऊबाई. शिलाईचं सगळं ह्याच बघतात.”

तिनं चांगल्या मनानंच सांगितलं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी ‘शिलाईचं’ हा शब्द चपलेत खडा जावा तसा टोचत राहिला. परतताना टेम्पोत ती लई खुशीत बोलत होती. मी बाहेर बघत बसले.

त्यानंतर मला एक खोड लागली. दुपारी ती झोपली की मी मोबाईलवर तिच्या कामांचे फोटो उघडून बघायची. कुठला रंग कशाशेजारी लावलाय, खुर्ची भिंतीपासून किती लांब ठेवलीय. शिकायचं म्हणून नव्हे, चूक सापडावी म्हणून. बघता बघता मी आमच्याच घरातलं कपाट हलवलं, खिडकीला जुन्या इरकलीचा पडदा केला. कुणाचं लक्षही गेलं नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, “कपाट तिकडं का नेलंस? मला पदर अडकतोय.”

मग जावेला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात ती भाटघरला मामाकडं गेली. आई-वडील नव्हते, मामानंच वाढवलेली. जाताना म्हणाली, “वैनी, कुणाचा फोन आला तर सांगा, बाळ दोन महिन्यांचं झालं की मी परत काम घेणार.”

पंधरा दिवसांत फोन आला. पुण्यातल्या एक शिक्षिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या. मैत्रिणीचा पानशेतचा बंगला बघून आल्या होत्या आणि माझा नंबर त्यांना पडद्यांमुळं मिळाला होता. त्यांचं छोटं घर वेल्ह्याच्या बाजूला होतं. “तुमच्या जाऊबाई परत कधी सुरू करणार?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “त्यांचं आता वर्षभर तरी काही खरं न्हाई. बाळंतपण अवघड आहे. मी करते की. आमी दोघी मिळूनच करतो.”

एका दमात तीन खोट्या गोष्टी. फोन ठेवल्यावर वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर तसा आनंद मला लग्नानंतर पहिल्यांदाच झाला होता.

ते घर मी तिच्यासारखं केलं. अगदी तिच्यासारखं. तोच पानाफुलांचा वॉलपेपर, त्याच माळा, तीच हिरवळ. नवऱ्यानं एकदा विचारलं, “तिला विचारलंस का?” मी म्हणाले, “व्हय.” मे महिन्यात काम झालं. बाईंना आवडलं. त्याच महिन्यात जावेला मुलगी झाली. बारशाला मी भाटघरला गेले, पाळण्याची दोरी ओढली आणि कामाबद्दल एक अक्षर बोलले नाही.

जुलैत बाईंचा फोन आला. आवाज शांत होता, तेच जास्त लागलं. “जरा येऊन बघून जाता का?”

गेले तर आमच्याकडच्या पावसानं भिंती आतून भिजल्या होत्या. वॉलपेपर वरून सुटून पापडासारखा वाकला होता, मागं काळी बुरशी. वेल्ह्यात जन्म काढलेली मी. भिंतींना ओल येते हे मला कुणी सांगायला नको होतं. पानशेतचा बंगला सिमेंटचा होता, हे घर दगडमातीचं, पण मी भिंत बघितलीच नव्हती. जावेचे फोटो बघितले होते.

“मी काढून देते,” मी म्हणाले. “पुन्हा करून देते. माझ्या पद्धतीनं.” माझी पद्धत कोणती, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

दोन दिवस खरवडत होते. पावसानं उघडीप दिल्यावर भिंती वाळू दिल्या आणि साधा चुना दिला, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो हे वडिलांकडून ऐकलं होतं. मोठी भिंत रिकामी दिसायला लागली. मग वरच्या वाडीवर मेंढरं पाळणाऱ्या एका म्हातारीकडं गेले. तिच्याकडं जुन्या घोंगड्या होत्या, काळ्या, पांढऱ्या काठाच्या. मी भिंतीवर लावायला एक मागितली तर ती हसायला लागली.

“आमी अंगावर घेतो, तुमी भितीला नेसवणार व्हय?”

“चांगली दिसंल, आजी.”

“दिसू दे. पर तिला ऊन दाखवत जा, न्हाईतर कसर लागंल.”

ती घोंगडी मी वेळूच्या काठीला अडकवली, भिंतीपासून चार बोटं लांब, हवा खेळेल अशी. खाली दोन पाट आणि एक पितळी घागर. प्लास्टिकची हिरवळ काढून टाकली. बाई दारातून आत आल्या, घोंगडीच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “हे आधीच का नाही केलंत?”

मी खाली बसून पितळी घागर पुन्हा पुसायला घेतली.

गणपतीच्या आधी जाऊ बाळाला घेऊन परत आली. बाईंनी मैत्रिणीकडून नंबर घेऊन तिला प्रकृतीची चौकशी करायला फोन केला, अवघड बाळंतपण झालं म्हणून. सगळं तिथंच उघडं पडलं. मी मशीनवर बसले होते. ती पडवीत येऊन उभी राहिली, मुलगी खांद्यावर.

“काम घेतलंत त्याचं काही नाही, वैनी,” ती म्हणाली. “पण माझ्या बाळंतपणाचं निमित्त का केलंत? अवघड आहे म्हणालात. कुणी असं तोंडातून काढतं का?”

“चुकलं माझं.”

“मला विचारलं असतंत तर मीच त्यांना तुमचं नाव सांगितलं असतं.”

मला रडू आलं, पण पश्चात्तापानं कमी आणि रागानं जास्त. ती चांगलीही होती, हे मला सहन होत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “घर छान झालंय. पण माझ्या बहिणीचं काम मी तुमच्या जाऊबाईंनाच देणार आहे.” मी “व्हय” म्हणाले.

चार-पाच महिने आम्ही दोघी कामापुरतंच बोललो. पुढं तिनं भोरला दुकान टाकलं, काचेच्या दाराचं. मी विंझरला रस्त्याकडेच्या गाळ्यात. गिऱ्हाईकं आपोआप वाटली गेली; चकचकीत हवं ते तिच्याकडं, चुना-घोंगडी हवी ते माझ्याकडं. तिच्याकडं जास्त जातात.

गेल्या महिन्यात पानशेतला एका बंगल्यावर आम्हाला दोघींना बोलावलं. वरचा मजला तिचा, खालचा माझा. मालकाचे पाहुणे आले ते सरळ वर गेले आणि वरूनच “वा, वा” ऐकू यायला लागलं. मी खालच्या पायरीवर बसून ऐकत होते. तेवढ्यात जाऊ खाली आली, माझ्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाली, “वैनी, हा तांबूस रंग कसा आणलात?”

सांगू नये, असं मनात आलं. क्षणभर नाही, चांगली दोन मिनिटं. मग म्हणाले, “चुन्यात तांबडी काव घालायची. आणि थोडा डिंक, रंग हाताला लागू नये म्हणून.”

“डिंक किती?”

तेही सांगितलं. ती मोबाईलवर लिहून घेत होती आणि मी तिच्या बोटांकडं बघत होते. सांगितल्याचं बरं वाटत होतं, आणि जळतही होतं.