पूरग्रस्तांच्या यादीवरची ड्यूटी

आम्हा शिक्षकांना कुठल्याही यादीवर बसवा, घरी परतताना सोबत चार किस्से येतातच. पुराच्या यादीचे मात्र सांगताना मी अजूनही थकते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वैनगंगा चढली, काठचं एक गाव रिकामं झालं आणि माणसं पवनीच्या आमच्या शाळेत आली. नावं लिहायचं काम माझ्याकडे.

*

पहिले आले धोंडूजी. रकाना होता, 'घर पूर्ण पडले की अंशतः?'

"दरवाजा हाय," ते म्हणाले.

"म्हणजे अंशतः."

"दरवाजा मी खांद्यावर घेऊन आलो, बाई. तो पाहा."

व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा होता. कुलपासकट.

*

दोघा सख्ख्या भावांचा बांधावरून सात वर्षं अबोला. जागाच नव्हती, म्हणून दोघांची कुटुंबं चौथीच्या वर्गात टाकली. मध्ये बाकांची रांग.

"चुली किती लिहू?" मी विचारलं.

एक खिडकीकडे पाहत राहिला, दुसरा फळ्याकडे. शेवटी थोरल्याची बायको म्हणाली, "एकच लिवा, बाई. काडेपेटी एकच सुकी हाय."

*

चौथ्या दिवशी वरून नवा फॉर्म आला. जुने सगळे रद्द! पुन्हा रांग, पुन्हा तेच प्रश्न. माझी बोटं कार्बननं निळी झालेली. एका म्हाताऱ्याला वय विचारलं.

"परवा साठ सांगतलं होतं."

"पुन्हा सांगा, बाबाजी."

"आता सत्तर लिवा."

हसायचंही त्राण नव्हतं. मी सत्तर लिहिलं.

*

भागरथाबाई एकटीच होती, पण नावं दोन लिहवून घेतली. स्वतःचं आणि मुलाचं, गोविंदाचं. मला वाटलं, पोरगा गुरांकडे असेल.

मग तहसीलचे साहेब तपासणीला आले. नाव पुकारायचं, माणूस दिसला नाही तर लाल रेघ मारायची.

"गोविंदा?"

कुणीच उठेना.

"येऊन राहिला, साहेब," भागरथाबाई म्हणाली.

"कधी निघाला?"

"जाऊन बारा वर्षं झाले. नागपूरले कामाले गेला, मंग पत्ताच नाही. पण रेडिओवर पुराचं सांगतलं ना? त्याच्या कानावर जाईनच. गावात कोणी दिसलं नाही, तर इथं यादी पाहाले येईन. माह्यं एकटीचंच नाव दिसलं, तर त्याले वाटंन, माय आपल्याले विसरली."

साहेबांनी लाल पेनाला टोपण लावलं, माझं निळं पेन मागून घेतलं आणि गोविंदाच्या नावापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वाटेत आहे.'