तियुरच्या खांद्यावरचा उलोस

मोठ्या सरोवराच्या मधोमध असलेल्या सामोसिर बेटावर जाउलुंग मानिहुरुक नावाचा कोळी होता. बोलणं अगदी बेताचं. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायचा आणि प्रार्थना सगळ्यांच्या एक शब्द मागून म्हणायचा. बायको पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. पुढे त्याच्या होडीवर कामाला असलेला दूरच्या नियास बेटावरचा माणूस वादळात सरोवरात बुडाला आणि त्याची आईवेगळी पोर, तियुर, मागे राहिली. जाउलुंगने तिला घरी आणलं. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही.

तिला ताप आला की पाठीशी बांधून तो जाळी ओढायचा. तिने शेजारणीच्या वाळत घातलेल्या मिरच्या तुडवल्या तेव्हा माफी मागून आला, आधी तिला जेवू घातलं आणि मग रागावला. वयात आल्यावर एकदा ती ओरडली, "तुम्ही काही माझे खरे बाप नाही!" आणि पलीकडच्या गावी निघून गेली. तो मागून गेला. हातात तिची छत्री होती. "पाऊस येईल," एवढंच म्हणाला.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून राहून गेली. आम्हा बाताक लोकांत परकं लेकरू आपलं करायचं तर डुक्कर कापून कुळाला जेवू घालावं लागतं. जाउलुंगला वाटायचं, पोर घरातच आहे, आता आणखी काय करायचं?

ते तियुरच्या लग्नाच्या बैठकीत बाहेर आलं. "मुलगी कोणत्या कुळाची?" वराकडच्यांनी विचारलं. चटईवर बसलेले सगळे जाउलुंगकडे बघू लागले.

अशा वेळी नवऱ्या मुलाचा मामा तिला लेक म्हणून घेतो. मग लग्नात बाप म्हणून तिच्या खांद्यावर उलोस, म्हणजे आशीर्वादाचं हातमागाचं वस्त्र, तोच घालतो. मंगासी मामा मनाने मोकळे होते.

"काळजी सोडा," ते म्हणाले. "माझी लेक म्हणून घेतो, उलोसही आणून ठेवलाय. जाउलुंगला पाहुण्यांत पहिल्या रांगेत बसवू!"

जाउलुंगची मान होकारात हलायला लागलीच होती. इतक्यात कॉफी घेऊन आलेली तियुर दारात थबकली. ती रडत नव्हती, नुसती त्याच्याकडे बघत होती. जाउलुंग उभा राहिला.

"मामा, तुमचे उपकार. पण बाप मी आहे."

"कुळ कधी जेवलं रे हिच्या नावाने?" त्याच्या कुळातल्या थोरल्या काकांनी दटावलं.

"नाही जेवलं. चूक माझी. पण काका, दर रविवारी आपण 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणतो. आपण काय त्याच्या रक्ताचे आहोत? त्याने घेतलं, म्हणून म्हणतो. माझा बाप मी लहान असतानाच गेला. बापाने कसं वागायचं ते मी त्या स्वर्गातल्या पित्याकडेच बघत शिकलो. मोडकंतोडकं जमलं असेल, पण हे बापपण दुसऱ्याला देणार नाही."

काका पुढे सरकून बसले.

"एवढं बोलता येत होतं, तर इतकी वर्षं तोंडात काय मासा धरला होतास?"

चटईवर हशा पिकला.

"डुक्कर आहे का घरी?"

"आहे. लहान आहे."

"मग काप, गाढवा! देवाने फुकट घेतलं आपल्याला. कुळ जेवल्याशिवाय घेत नाही."

"आणि मी उलोस विकत आणून बसलोय, त्याचं काय?" मामा कुरकुरले.

"मामाचा म्हणून घाला," काका म्हणाले. "लेकीला उलोस कधी जास्त होत नाही."

डुक्कर खरंच लहान निघालं. एकेकाच्या वाट्याला अंगठ्याएवढा तुकडा आला, पण कुळातलं कुणी उपाशी उठलं नाही. काकांनी हात धुतले, तियुरच्या डोक्यावर ठेवले आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "तियुर मानिहुरुक!"

लग्नात जाउलुंगने नवरा-नवरीच्या खांद्यांभोवती एकच उलोस गुंडाळला. आता बापाने वाजंत्र्यांकडे धून मागायची असते. याला शब्द सुचेल की नाही म्हणून कुळाने श्वास रोखला.

"वाजवा रे!" जाउलुंग असा गरजला की ढोलवाला दचकला. "बोटं दुखेपर्यंत वाजवा! माझी लेक आहे!"

आणि आमच्या नाचाच्या रीतीप्रमाणे हात जोडून तो सगळ्यांच्या पुढे नाचू लागला.

"बाबा, जरा हळू," तियुर हसत कुजबुजली. "लोक बघतायत."

"बघू देत की," जाउलुंग म्हणाला.