कप्तानानं बसवलेलं चाक

माझा धाकटा भाऊ हट्टी आहे. थोरली बहीण सांगतेय म्हणजे कमीच सांगतेय. गल्लीत त्याला सगळे कप्तान म्हणतात, अर्धे चेष्टेनं. माणसं पलीकडे नेणाऱ्या होडीवर सुकाणूचा दांडा धरण्यात त्याचा उभा जन्म गेला. पूल झाला, होडी बंद पडली. हा पठ्ठ्या घरामागच्या शेडमध्ये स्वतःची लाकडी बोट बांधायला बसला. ती होत आली आणि डोळे दगा द्यायला लागले. हातभर अंतरावरचं दिसतं, त्यापुढे धुकं. हे वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

मग बोट चालवणार कोण? मी! शाळेची व्हॅन चालवून माझे केस पिकलेत. पण ते दांड्याचं तंत्र काही डोक्यात शिरेना. दांडा उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे जाते, हा कुठला न्याय? सरावाला भाड्याची होडी घेतली, ती मी सरळ लव्हाळ्यात घुसवली. "मला गोल चाक दे," मी म्हटलं, "मग बघ."

त्यानं मनावर घेतलं. जुन्या मोटारींना असायचं तसं चाक बनवलं, पातळ लाकडी कड, पितळी आरे, आणि त्याला लांब तिरका रॉड. रॉडच्या टोकाला रीळ, रिळावरून दोन तारा छोट्या पुलींमधून थेट मागच्या सुकाणूपर्यंत. सगळं नवं, रूप मात्र आजोबांच्या काळातलं.

त्याच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात, मीसुद्धा; तिची अट एकच होती. "पहिल्या फेरीत काही झालं तर बोट विकायची. मला नवरा पाण्यात शोधायचा नाही."

"मोठं काही असलं की दिसतं गं मला," कप्तान म्हणाला. "भिंत, दुसरी बोट." त्या भरवशावर तिनं हो म्हटलं.

रॉडसाठी पुढच्या फळीला भोक पाडायचं होतं. फळी अख्खी सागवानी, एकच. चुकलं की गेली. मी माझ्या जागेवर चाक धरून बसले आणि तो बोटांनी चाचपत माप घेत राहिला.

"कोपर मागे टेकतंय?"

"नाही."

"मोठा श्वास घे. आता?"

"अरे, ब्लाउज शिवतोयस का माझा?"

एरवी खो खो हसला असता. तेव्हा हसला नाही. फळीला नाक लावून त्यानं ड्रिल चालू केलं आणि माझे दात एकमेकांवर घट्ट बसले. भुसा उडाला, रॉड आत सरकला, पितळी कड्यात नेमका बसला. मग तारा ओढून घेतल्या. तो मागे जाऊन सुकाणूवर तळहात ठेवून बसला. "उजवीकडे फिरव." मी फिरवलं. "झकास! बरोबर!" मी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. या बाबतीत त्याच्यावर शंका घेणारी मी कोण?

दुसऱ्या दिवशी वहिनी धक्क्यावर हाताची घडी घालून उभी होती. कप्तान माझ्या शेजारी बसला. इंजिन चालू झालं, दोर सुटला, बोट सरळ निघाली. डाव्या हाताला धक्क्याची दगडी भिंत लांबपर्यंत गेलेली होती. तिच्यापासून जरा दूर जावं म्हणून मी चाक उजवीकडे घेतलं.

बोट डावीकडे वळली.

मी आणखी उजवीकडे घेतलं. ती आणखी डावीकडे! भिंत सरळ नाकासमोर आली, शेवाळलेले दगड मोजता येतील इतकी.

"उजवीकडेच घेतेय रे मी! ऐकत नाहीये!"

कप्तानाचा चेहरा पांढरा पडला. "उलटं फिरव! दांड्यासारखं जोडलंय मी! ताई, उलटं!"

कळत होतं हो, पण हात ऐकेनात. जन्मभराची सवय ती. वहिनी किंचाळली. त्यानं इंजिन बंद केलं, बोट तरी वेगात होती. मग माझे हात बाजूला सारून त्यानंच चाक धरलं. "भिंत कुठेय? सांग!"

"समोर! अगदी समोर! उजवीकडे जायचंय!"

त्यानं चाक डावीकडे फिरवलं, एका झटक्यात, विचार न करता. बोट वळली. बाजूची फळी दगडाला करकरत घासली आणि आम्ही सुटलो. मी रडत होते आणि त्याला शिव्याही घालत होते. त्यानं इंजिन पुन्हा चालू केलं आणि तसंच मी "डावीकडे, थोडं उजवीकडे" करत त्याला परत धक्क्यावर आणलं.

वहिनी धावत आली, पण तिचा चेहरा फुललेला होता. "पाहिलं मी! यांनीच वळवली! म्हणजे यांना दिसतंय की!"

आम्ही दोघांनी तिला तसंच समजू दिलं असतं, तर बोट वाचली असती. पण तोच बोलला.

"मला भिंत दिसलीच नाही. खोटं बोललो होतो तुला. ताई ओरडली, म्हणून वळवली."

वहिनी तिथंच दगडावर बसली. मी त्याला म्हटलं, "तारा आहेत तशाच राहू देत. चाक तू धर. मी शेजारी बसून ओरडते, तेवढं मला चांगलं जमतं."

"नको," कप्तान म्हणाला. "आज नशिबानं निभावलं. चाक तुझ्याच हातात हवं." आणि पोटावर आडवा होऊन तो फळीखाली शिरला, रिळावरच्या तारा सोडवायला लागला. एकदा त्या अदलाबदल करून जोडल्या की हे चाक त्याच्या हाताला कधीच कळणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. मला पाहवेना.

थोड्या वेळानं बोट हलली. वहिनी आत उतरली होती. तिनं टॉर्च पेटवला आणि वाकून फळीखाली धरला.

"मला त्याचा काय उपयोग?" आतून आवाज आला.

"तुमच्यासाठी नाही," वहिनी म्हणाली. "पुढच्या फेरीआधी कुठली तार कुठे जाते, ते मला बघायचंय."