गोंडे भरले, बी भरलं नाही

अनसूयाबाईंनी वाळलेला गोंडा तळहातावर चोळला आणि फुंकर मारली. कांद्याचं बी भरलेलं असतं तर हातात राहिलं असतं. सगळं फोलासारखं उडालं. धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी शेतकी खात्यात असिस्टंट होतो. अनसिंगकडची गावं माझ्याकडे. त्यातल्या अनसूयाबाईंच्या गावाची एक रीत होती. घरोघरचे निवडक कांदे बाईंच्या वावरात लावायचे, कोणाचा तिखट, कोणाचा टिकाऊ. त्यांना दांडे येतात, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा गोंडा. त्यातलं बी सगळ्यांनी वाटून घ्यायचं. लावलेला कांदा यात संपतो. हे वावर गेलं, की गावाचं बी गेलं.

मंगरूळपीरहून साहेब हेच वावर खात्याचा ‘डेमॉन्स्ट्रेशन प्लॉट’, नमुन्याचं शेत म्हणून बघायला येणार होते. वावरात कांद्याबरोबर मोहरी, धने, रानगवत, सगळंच फुललेलं.

“काकू, ही काय खिचडी?”

“मोहरी असली का मधमाश्या येतात, साहेब. सासू लावे, म्हून मी लावतो.”

“माश्यांचं काय लोणचं घालायचंय?” मी म्हणालो. डिप्लोमा नवा होता.

मोहरी-धने उपटवले. कांद्यावर फुलकिडे होते, रस शोषणारे बारीक किडे. ऐन फुलोऱ्यात बीएचसी पावडर धुरळली. किडे मेले. साहेब म्हणाले, “व्हेरी क्लीन!” माझी छाती फुगली. वावरात एकही माशी फिरकत नाही, हे मला खटकलंसुद्धा नाही.

माशीने एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावल्याशिवाय कांद्यात बी धरत नाही. हे मी शिकलो होतो, पण परीक्षेपुरतं.

“किडा मेला, माशीबी मेली,” बाई हात झटकत म्हणाल्या. “आता घरोघरी सांगाले तुमीच चाला. मले नाई जमत.”

गेलो. कोणी शिवी दिली नाही. प्रत्येक घरी चहा मात्र दिला. शिव्या परवडल्या असत्या.

साहेबांना खरं सांगितलं.

“पावडर खात्याचीच ना?” ते म्हणाले. “मग अहवालात कारण हवामान लिहा.”

मी दमलो होतो. हवामान लिहिलं.

पुढच्या वर्षी गावाने कारंज्याहून विकतचं बी आणलं. कांदे आले, सगळे एकसारखे, आणि दिवाळीआधीच सडले. गावाचे जुने कांदे पुन्हा कधी दिसले नाहीत. तेव्हापासून वावर फार साफ दिसलं, की मी आधी विचारतो, इथलं काय काय मारलंत?